महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी

महाबळेश्वरीं पिकणारी स्ट्रॉबेरी मूळची या भूमीची नव्हे. फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्यानें १७१४ सालीं चिलीहून आणलेलीं रोपें व उत्तर अमेरिकेची रानजात यांच्या संकरांतून ती युरोपांत जन्मली. इंग्रजांनीं ती सह्याद्रीवर आणिली. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्याखेरीज तिला कळी धरत नाहीं. महाबळेश्वरास उंचीचा आधार तरी आहे. वऱ्हाडांत, मंगरूळपीरसारख्या ठिकाणीं, थंडीचे दिवस मोजकेच! फ्लोरिडाच्या सौम्य हिवाळ्यासाठीं निवडलेली, लवकर फळणारी ‘स्वीट चार्ली’ महाबळेश्वरास चांगलीच मानवली. तेथील फळास २०१० सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. मातृरोपें मात्र बहुतांशीं परदेशांतूनच येतात. त्यांच्या धांवत्या फांद्यांपासून बागाईतदार पावसाळ्यांत लागवडीचीं रोपें करितात.