बॉब सॅप अंधेरीत हरला तेव्हा मी हसलो होतो

आमच्या चौकात परवा एक फ्लेक्स लागला. ‘एमएमए फाइट नाइट’. जाळीचा पिंजरा, मागे धूर, खाली मुठी आवळलेल्या बारा पोरांचे फोटो. वरच्या रांगेत पाहुण्यांचे फोटो पोरांपेक्षा मोठे, ते तर आपल्याकडे ठरलेलंच. त्या बारातल्या एकाला मी लहानपणापासून ओळखतो. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात त्याचे पुढचे दोन दात गेले. मिळालं काय, तर ट्रॉफी, टी-शर्ट आणि पेट्रोलचे पैसे. दातांचं बिल वडिलांनी भरलं. यंदा तो पुन्हा उतरतोय. मला म्हणाला, “काका, तुम्ही त्या जपानच्या के-वनबद्दल सारखं सांगत असता, आमच्या प्रोग्रामची पण एक पोस्ट टाका ना.”

टाकतो. पण आधी के-वनबद्दलच लिहितो. गेली वीसेक वर्षं मी हा खेळ वेड्यासारखा पाहतोय, आधी मित्रांकडून आणलेल्या सीड्यांवर, मग यूट्यूबवर. आणि इतकी वर्षं पाहूनही एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

३० एप्रिल १९९३. टोकियोचं योयोगी स्टेडियम. काझुयोशी इशी नावाच्या कराटेच्या वस्तादाने एक स्पर्धा भरवली. कराटे, किकबॉक्सिंग, कुंग फू अशा सगळ्या उभ्याने लढायच्या प्रकारांची इंग्रजी आद्याक्षरं ‘के’, म्हणून नाव के-वन. आठ जण, बाद फेरी, आणि सगळं एकाच रात्रीत. म्हणजे जिंकणाऱ्याला त्या एका रात्रीत तीन लढती लढायच्या. पहिली लढत जिंकताना नडगी सुजली तरी तासाभराने त्याच नडगीने लाथ मारायची. बक्षीस एक लाख डॉलर. जिंकला कोण, तर क्रोएशियाचा ब्रांको चिकातिच, वय ३८! अंतिम लढतीत त्याने अर्नेस्टो हूस्ट नावाच्या डच पोराला पहिल्याच फेरीत झोपवलं. (त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली. तिथेही आठ जण, एकच रात्र. आज ज्याला एमएमए म्हणतात त्याची अमेरिकेतली सुरुवात तिथली.)

या हूस्टबद्दल थोडं सांगायलाच हवं. तो माझा सगळ्यात आवडता. आई-वडील सुरीनामचे, तो नेदरलँड्सचा. आता किकबॉक्सिंगमध्ये एवढे डच कुठून आले, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. किकबॉक्सिंग हे नावच मुळात जपानी आयोजकांनी साठच्या दशकात दिलेलं. कराटेवाले आणि थायलंडचे मुए थाईवाले यांना एका रिंगमध्ये आणून केलेला हा खेळ. टोकियोत केंजी कुरोसाकी यांची मेजिरो जिम होती. तिथे यान प्लास नावाचा डच शिकला आणि १९७८ मध्ये ॲमस्टरडॅमला त्याच नावाची जिम काढली. अशा दोन-चार तालमींतून अख्ख्या युरोपात पोरं तयार झाली. त्यांनी त्यात पाश्चात्त्य बॉक्सिंगचे ठोसे मिसळले. तीन-चार ठोसे डोक्याकडे, समोरच्याचे हात वर गेले की शेवटी नडगीने मांडीवर लाथ. एकदा बसली तर काही वाटत नाही. दहाव्यांदा बसली की पाय आपला राहत नाही. हूस्टची ही शेवटची लाथ इतकी मोजूनमापून असायची की त्याचं नाव ‘मिस्टर परफेक्ट’ पडलं. १९९७, १९९९, २००० आणि २००२, चार वेळा तो विजेता झाला.

आणि अँडी हूग. स्वित्झर्लंडचा, खाटीककाम शिकलेला, क्योकुशिन कराटेतून आलेला. के-वनच्या हेवीवेटमध्ये तो चणीने लहानच. १९९४ मध्ये पॅट्रिक स्मिथने त्याला १९ सेकंदांत पाडलं. जपानी प्रेक्षकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं, कारण तो पडायचा आणि परत यायचा. १९९६ च्या अंतिम लढतीत त्याने माइक बर्नार्डोला गिरकी घेऊन मांडीवर टाच मारून पाडलं. असला डाव शाळेतल्या प्रात्यक्षिकात दाखवतात. त्याने तो फायनलला मारला. २४ ऑगस्ट २००० रोजी टोकियोत ल्युकेमियाने तो गेला, वय ३५. जुलैमध्ये तो रिंगमध्ये होता. मी ती शेवटची लढत आजही पूर्ण पाहू शकत नाही, बंद करतो.

तर हे सगळे टोकियो डोममध्ये पन्नास-पन्नास हजार लोकांपुढे लढायचे. टीव्हीवर घरोघरी दिसायचे. आणि टीव्ही आला की गणित बदलतं, हे आपल्याला सांगायला नको.

२००२ मध्ये त्या गणिताचं उत्तर सापडलं. बॉब सॅप.

अमेरिकन फुटबॉल खेळलेला, तिथून बाहेर पडलेला, साडेसहा फुटांच्या आसपास उंच आणि दीडशे किलोंच्या कितीतरी वर वजन. किकबॉक्सिंगचं शिक्षण जेमतेम. ऑगस्टमध्ये त्याला प्राइडच्या एका कार्यक्रमात ब्राझीलच्या नोगेराशी लढवलं. प्राइड म्हणजे जपानची एमएमए, जमिनीवरची पकड चालणारी. सॅपने नोगेराला उलटा उचलून डोक्यावर आपटला. नोगेरा वजनाने बराच हलका, पण कसलेला. दुसऱ्या फेरीत त्याने सॅपचा हात पकडीत घेऊन त्याला हरवलं. आजही ती लढत बघताना अंगावर काटा येतो.

मग ऑक्टोबरात सॅप विरुद्ध हूस्ट. मी हूस्टवाला, त्यामुळे सांगताना आजही चिडतो. सॅपला तंत्र नव्हतं, तो नुसता अंगावर चालून गेला आणि कोपऱ्यात दाबून हातोड्यासारखे हात मारत सुटला. पहिल्याच फेरीत लढत थांबवावी लागली. ७ डिसेंबरला टोकियो डोममध्ये पुन्हा तेच, हूस्ट दुसऱ्या फेरीत बाद. पण दुखापतीमुळे सॅपला पुढची लढत लढता येईना. नियमाने त्याच्या जागी हरलेला हूस्ट आला. ३७ वर्षांचा, नुकताच मार खाल्लेला. उपांत्य फेरीत रे सेफोचा पाय गेला. अंतिम फेरीत जेरोम ले बानरने हूस्टच्या लाथा डाव्या हातावर घेतल्या, एक, दोन, तीन, आणि तो हात मोडला. हूस्ट चौथ्यांदा विजेता. माझ्यासाठी या खेळातली ही सगळ्यात मोठी रात्र.

पण दुसऱ्या दिवसापासून जाहिरातींत कोण? सॅप. टीव्हीच्या कार्यक्रमांत, गाण्याच्या सीडीवर, जिकडेतिकडे सॅप. मार्च २००३ मध्ये मिर्को क्रो कॉपने एका डाव्या ठोशात त्याच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. तो तोंड धरून खाली वेटोळं करून पडला. कोणी म्हणेल, आता संपला. उलट ३१ डिसेंबर २००३ ला त्याला माजी सुमो योकोझुना अकेबोनोसमोर उभं केलं. नववर्षाच्या पूर्वसंध्येला जपानमध्ये एनएचकेचा ‘कोहाकु’ हा गाण्यांचा कार्यक्रम अख्खा देश पाहतो. त्या रात्री तीन खासगी वाहिन्यांनी तीन वेगवेगळे लढतींचे कार्यक्रम लावले होते. सॅप-अकेबोनो लढत चालू असताना काही मिनिटं त्या वाहिनीचा आकडा कोहाकुच्या पुढे गेला, ४३ टक्के विरुद्ध साडेपस्तीस. कोहाकुला मागे टाकणं म्हणजे काय, हे जपानी माणसालाच विचारा. लढत कशी होती? दोन थोराड माणसं, दोघांनाही लाथ नीट मारता येत नाही, आणि पहिल्याच फेरीत अकेबोनो तोंडावर पडला. त्याने सुमो सोडून किकबॉक्सिंग सुरू करून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

दहा वर्षं तंत्र घोटवलेल्या माणसांनी उभा केलेला खेळ, आणि त्याचा सर्वोच्च आकडा या लढतीला. इथपर्यंत माझा राग सॅपवर होता.

पुढचं पटकन सांगतो. इशी करचुकवेगिरीत अडकले आणि तुरुंगात गेले. प्राइडमागे याकुझा म्हणजे तिथल्या संघटित गुन्हेगारांचे हात असल्याच्या बातम्या साप्ताहिकात आल्या, जून २००६ मध्ये फुजी टीव्हीने करार मोडला आणि वर्षभरात प्राइड यूएफसीच्या मालकांना विकली गेली. के-वन चालवणाऱ्या कंपनीने तर लढलेल्यांचे पैसेच थकवले. एकदोघांचे नाही, भल्याभल्यांचे. २०१० नंतर त्या कंपनीची मोठी ग्रां प्री जपानमध्ये झाली नाही आणि २०१२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. ज्यांनी रिंगमध्ये हातपाय मोडून घेतले ते देणेकऱ्यांच्या यादीत, हॉलवाले आणि छपाईवाले यांच्याबरोबर.

आणि नेमक्या त्याच वर्षी बॉब सॅप आपल्याकडे आला. ११ मार्च २०१२, अंधेरी. सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम, राज कुंद्रा आणि संजय दत्त यांची लीग. मुख्य लढत सॅप विरुद्ध इंग्लंडचा जेम्स थॉम्पसन. मी यूट्यूबवर पाहिली. दोन मिनिटं पण झाली नाहीत. दोघं जमिनीवर गेले, सॅपने पाय दुखावल्याची खूण करून हात आपटला, संपलं. मी मोठ्याने हसलो. ग्रुपवर लिहिलं, ‘नूरा कुस्ती’. त्या काळात सॅप जगभर फिरून अशाच लढती हरत होता, बहुतेक पहिल्याच फेरीत. तो मुलाखतींत लपवतही नव्हता. आपल्या शरीराला जपून, पैसे घेऊन घरी जायचं, असंच त्याचं म्हणणं असायचं.

तेव्हा मला त्यात लाज वाटण्यासारखं दिसलं. आता दिसत नाही. खरं सांगायचं तर आपण फसवले गेलो, हे प्रेक्षक म्हणून आजही वाटतं. तिकीट काढणाऱ्याला लढत मिळायला हवी, त्याबद्दल सॅपची बाजू मी घेणार नाही. पण या धंद्याचा हिशोब त्याने आतून पाहिला होता. टोकियो डोममध्ये हूस्टच्या पायांना कोणी विचारलं नाही. ले बानरच्या हाताची फिल्म मी वीस वेळा रिवाइंड करून बघितली, त्याने पुढे काय भोगलं हे मी एकदाही शोधलं नव्हतं. ४३ टक्क्यांचा आकडा वाहिनीने नाही, बघणाऱ्यांनी केला. त्यात माझ्यासारखेच होते.

अमेरिकेत हा हिशोब कोर्टात गेला. डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वारी, जॉन फिच या लढवय्यांनी यूएफसीवर दावा लावला, की बाजार ताब्यात ठेवून आमचं मानधन दाबलं जातंय. बास्केटबॉल, फुटबॉलमध्ये उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास वाटा खेळाडूंना जातो. इथे तो पाचव्या हिश्शाच्या आसपास असल्याचं या खटल्यातल्या कागदांतून बाहेर आलं. तडजोड ३३.५ कोटी डॉलरला ठरली, न्यायाधीशांनी ती नाकारली. मग ३७.५ कोटींवर गेली आणि २०२५ मध्ये मंजूर झाली. आपल्या पैशांत तीन हजार कोटींच्या वर, हजारावर लढवय्यांत वाटायला. दहा वर्षं लागली. आणि तिथे बॉक्सरांसाठी २००० सालापासून महंमद अलींच्या नावाचा कायदा आहे, आयोजकाला आपली कमाई बॉक्सरपुढे उघड करावी लागते. एमएमएवाल्यांना तो लागू नाही.

आपल्याकडे? मुंबईचा भरत खंदारे २०१७ मध्ये यूएफसीत लढला. २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या पूजा तोमरने तिथे लढत जिंकली, असं करणारी ती पहिली भारतीय महिला. पोरांना ही नावं पाठ आहेत, असायलाच हवीत. कुस्तीचे फड आपण पिढ्यानपिढ्या भरवतो. गावच्या जत्रेत इनामाची रक्कम आधी पुकारतात, मग पैलवान हात मिळवतात. पिंजऱ्याच्या फ्लेक्सवर मात्र मी आजवर ती रक्कम वाचलेली नाही.

म्हणून त्या पोराला मी म्हटलं, पोस्ट टाकतो, पण फ्लेक्सवरच्या नंबरवर आधी फोन करतो. केला. तीन गोष्टी विचारल्या. रिंगपाशी डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स असणार का? पोरांचा विमा उतरवलाय का? प्रत्येकाला किती देणार आणि ते लिहून देणार का? पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, “डॉक्टर आहे सर. बाकीचं कमिटीला विचारून कळवतो.” त्याला आज सहा दिवस झाले. कार्यक्रम रविवारी आहे. उत्तर आलं की इथेच खाली टाकेन. मी तिकीट काढलंय, पोराने दिलेला फ्री पास परत केला.