हरकत दलालीला नाही, लपवण्याला
इंटरनेटवर एखाद्या वस्तूची वाखाणणी करायची, खाली खरेदीची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून झालेल्या विक्रीमागे कमिशन घ्यायचे, या धंद्याला ॲमेझॉनने १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ योजना काढल्यापासून बरकत आली. कमिशन मिळते हे ग्राहकाला सांगण्याची सक्ती नंतर आली, म्हणून ती इंटरनेटच्या काळातली नवी कटकट वाटते. पण ही सक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर दंड भरा, असे अमेरिकी संसदेने सवलतीच्या टपालदराने जाणाऱ्या वृत्तपत्रांना १९१२ मध्येच बजावले होते. प्रकाशकांनी वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मुद्दा काढून कोर्ट गाठले. १९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९२७ च्या कायद्याने हीच अट रेडिओला लावली. तरीही रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे खाऊन गाणी वाजवणारे निवेदक १९५९-६० च्या संसदीय चौकशीत उघडे पडले आणि कायदा आणखी आवळावा लागला. या साऱ्यात पैसे घेऊन जाहिरात करण्याला बंदी नव्हती. बंदी होती ती लपवाछपवीला.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की कमिशन कंपनी देते, ग्राहकाला वस्तू त्याच भावात मिळते. मग सांगायचे कशाला? पण ग्राहकाचे नुकसान भावात होत नाही, निवडीत होते. जिथे दलाली जास्त, त्या मालाची स्तुती जास्त, हे तो ओळखू शकत नाही. दुसरा युक्तिवाद, ‘हे सगळ्यांना ठाऊकच असते.’ तसे असते तर वेषांतराची गरजच पडली नसती. टेनेसीतली लेगसी लर्निंग सिस्टिम्स ही कंपनी गिटार शिकवणाऱ्या डीव्हीडी विकत असे. तिचे कमिशनवरचे विक्रेते सामान्य ग्राहक किंवा तटस्थ परीक्षक असल्याच्या थाटात शिफारशी लिहीत. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी नियामक संस्थेने २००९ मध्ये शिफारशींचे नियम सुधारले होते; त्यांच्या आधारे २०११ मध्ये झालेल्या कारवाईत या कंपनीला अडीच लाख डॉलर भरावे लागले, शिवाय सर्वाधिक धंदा आणणाऱ्या पन्नास विक्रेत्यांवर दरमहा नजर ठेवणे भाग पडले. म्हणजे जबाबदारी लिहिणाऱ्यापाशी थांबली नाही, ती लिहून घेणाऱ्यापर्यंत गेली.

भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोबदला उघड करायला लावण्याचा हाच मार्ग धरला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खुलाशाने खोटी स्तुती खरी होत नाही, हे मान्य. पण ती किती जोखून घ्यायची, हे ग्राहकाला कळते. तेव्हा मराठीत शिफारस करणाऱ्यांनी कोपऱ्यात इंग्रजी आद्याक्षरे टाकून मोकळे होऊ नये. लिंकच्या वरच, मराठीत लिहावे: ‘तुम्ही इथून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळते.’