दोन मोत्यें आणि न लिहिलेलीं नांवें

पिंपळगांव बसवंतच्या बाजार समितींत बोली लावणारा व्यापारी नुसता आंकडा उच्चारतो. कांद्यापुढें तो आंकडा क्विंटलचा असतो. टोमॅटोच्या लिलावांत तोच २० किलोंच्या क्रेटचा होतो. कसला भाव, हें कोणी सांगत नाहीं आणि कोणी विचारीतहि नाहीं. व्यापाऱ्यांच्या या अर्ध्या भाषेनेंच एकदां मराठी राज्यावरील सर्वांत मोठ्या घाल्याची वार्ता दक्षिणेकडे आणली होती.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. भाऊसाहेबांकडील बातमी येईनाशी झाली होती. अशा वेळीं सावकारांचा एक कासीद त्यांच्या माणसांच्या हातीं लागला. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत ही हकीकत दिली आहे. पानिपताहून औरंगाबादेस नवव्या दिवशीं पोंचण्याच्या बोलीनें तो निघाला होता. दोन मोत्यें गळून गेल्याचें, २७ मोहरा (कोणी २५ म्हणतात) हरवल्याचें आणि रुप्यातांब्याच्या नाण्यांचा तर हिशेबच न लागल्याचें त्याच्याजवळील पत्रांत होतें.

परक्या माणसानें हें पत्र वाचलें असतें तर एखाद्या पेढीला खोट आली, एवढेंच त्याला कळलें असतें. यांत सांकेतिक लिपि नाहीं, एकहि शब्द अवघड नाहीं. मोहर, रुपया, पैसा ही नाण्यांची उतरंड, आणि सरदार, स्वार, प्यादा ही फौजेची उतरंड, या दोन्ही वाचणाऱ्याच्या मनांत आधींच असाव्या लागतात. मोत्यें कोणतीं, हें तर पत्रांत मुळींच नव्हतें. परंतु उत्तरेस कोण गेले होते, हें पेशव्यांना कोणी सांगावयास नको होतें: एक त्यांचा थोरला पुत्र विश्वासराव, दुसरे चुलतबंधु सदाशिवरावभाऊ. कित्येक दिवसांच्या मौनानें पत्राचा अर्थ आधींच अर्धा लावून ठेविला होता. २३ जून १७६१ रोजीं पुण्यास पर्वतीवर नानासाहेबांचा अंत झाला.

मात्र जो अर्थ वाचणाऱ्यानें पुरवावयाचा, तो नाकारण्याचीहि त्याला मोकळीक राहते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांतून परत आल्या, पण पति गेल्याचें त्यांनीं कधींच मानलें नाहीं, असें सांगतात. पुढें भाऊ म्हणून एक तोतयाहि उभा राहिला. त्याला मानणारे लोक निघाले, गडकिल्ले त्याच्याकडे गेले, आणि १७७६ सालीं त्याला देहान्त शिक्षा देईपर्यंत पुण्याच्या कारभाऱ्यांना चैन पडली नाहीं.