आधी वस्ती, मग बावली

आगाखान सांस्कृतिक न्यासाचं भारतातलं संवर्धनाचं काम १९९७ मध्ये दिल्लीत, हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेपासून सुरू झालं. २००३ पर्यंत बागेतले दगडी पाट पुन्हा वाहते झाले, जुन्या विहिरींतला गाळ निघाला, पावसाचं पाणी जिरवायला खड्डे घेतले गेले. बागेच्या नावानं झालेलं हे काम मुळात पाण्याचंच होतं.

२००७ मध्ये सरकारी खात्यांशी करार होऊन शेजारची निजामुद्दीन बस्तीही कामात आली. पुढच्याच पावसाळ्यात तिथल्या दर्ग्यालगतच्या बावलीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, भिंतीचा एक भाग ढासळला. ही बावली १३२१-२२ च्या सुमाराची. गियासुद्दीन तुघलकाचे मजूर दिवसा त्याच्या किल्ल्यावर राबत आणि रात्री दिव्यांच्या उजेडात ही बावली खणत, असं सांगतात. सुलतानानं तेल बंद केलं, तेव्हा तिच्याच पाण्यावर दिवे पेटले, अशी श्रद्धा आहे. भाविक आजही हे पाणी पवित्र मानतात.

नुसती भिंत उभारून भागणार नव्हतं. आत काय दडलंय, हे आधी रडारनं तपासलं. दक्षिणेकडच्या कमानींच्या माथ्यावर १८ कुटुंबं राहत होती. त्यांना दुसरीकडे पक्की घरं मिळाली आणि बांधकामावरचा भार उतरला. शतकानुशतकं साठलेला गाळ आणि राडारोडा मजुरांनी हातानं उपसत सुमारे ८० फुटांवरचा तळ गाठला. यंत्र लावलं असतं, तर जुन्या चिरेबंदीला हादरे बसले असते. भिंती पुन्हा चुन्यातच बांधल्या, कारण चुना दमट दगडाला श्वास घेऊ देतो. सिमेंट ओल आत कोंडतं.

या साऱ्यात मला त्या १८ घरांचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. राहत्या माणसांना हुसकावून वास्तू वाचवायची, हा सोपा मार्ग न्यासानं धरला नाही. बस्तीतली शाळा, दवाखाना, स्वच्छतागृहं यांचीही कामं झाली. आणि ती व्हायलाच हवी होती. वस्तीचं सांडपाणी, कचरा जायला धड जागा नसेल, तर उपसलेली बावली पुन्हा भरायला कितीसा वेळ लागतो?

ही शिदोरी घेऊन न्यास हैदराबादला गेला. जानेवारी २०१३ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशाही मकबऱ्यांच्या जतनाचा करार झाला आणि त्याच वर्षीच्या पावसात तिथल्या बडी बावलीची भिंत कोसळली. तिथले कोसळलेले दगड पुन्हा चढले, बावल्यांत पाणी साठू लागलं आणि तेच परिसरातल्या झाडांना मिळू लागलं. २०२२ मध्ये गोवळकोंड्याच्या या बावल्यांना युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. त्याच यादीत मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळा स्थानकही होतं.

आपल्याकडच्या बारवांवर काम करणाऱ्या मंडळींनी ही बडी बावली एकदा पाहून यावी. पावसाळा सरल्यावर जावं, म्हणजे ती भरलेली दिसेल.