पर्वती २

मंडळी, दीड-दोन महिने इकडे फिरकलो नाही. कारण घराचं काम काढलंय. राहत्या घरात काम काढणं म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चहात सिमेंट, अंथरुणात वाळू. सध्या माझा दिवस असा: सकाळी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून चालणं, दिवसभर मिस्त्रींच्या मागे मागे, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन बायकोबरोबर एखादा जुना सिनेमा. तोही बहुधा अर्धाच, कारण मध्यंतराच्या आसपास मला झोप लागते.

परवा पोटमाळा रिकामा करताना अण्णांच्या वह्या सापडल्या. किराणा दुकानदार वापरतात तशा लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. १९६३ ते १९९४. मी आधी समजलो जमाखर्च असेल. पण नाही, रोजची एकच ओळ, आणि तीत तीनच गोष्टी: नमस्कार किती घातले आणि पर्वती किती वेळा चढली, घरात काय काम केलं, संध्याकाळी सिनेमा पाहिला असेल तर त्याचं नाव. "नम. ३०, पर्व. १. मोरीची फरशी बसवली. सं. पाठलाग." बस्स. माझा जन्म १९६५ चा. त्या दिवशीची नोंद उत्सुकतेने काढली, तर "नम. नाही. मुलगा. पत्र्याला डांबर लावायचे राहिले." असो!

बायको म्हणाली, "म्हणजे तुमचाच दिनक्रम की हो." व्यायाम, घराचं काम, सिनेमा. हसलो खरा, पण मग रात्री त्या वह्या घेऊन बसलो आणि पहाटेपर्यंत उठलो नाही.

नातेवाइकांना हे घर माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं घर सहकारनगरात, पर्वतीच्या पलीकडच्या अंगाला. या भागातल्या कितीतरी सोसायट्या मुळात पूरग्रस्तांच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले वाडे गेले, आणि त्या वाड्यांतल्या भाडेकरूंच्या नशिबी शाळांमधले मुक्काम, तात्पुरत्या वसाहती आणि मग सहकारी सोसायट्या आल्या. आमचं कुटुंब नारायण पेठेतलं. दोन खोल्यांचं भाडेकरू बिऱ्हाड.

वाडे पुरापुढे का टिकले नाहीत हे मला मोठेपणी समजलं. वाड्याचं जोतं दगडी, सांगाडा सागवानी, पण त्या सांगाड्यामधल्या भिंती पुष्कळदा कच्च्या विटांच्या आणि मातीच्या. पाऊस वरून आला तर कौलं आणि गिलावा सांभाळून घेतात. पाणी खालून येऊन काही तास उभं राहिलं की माती विरघळते, भिंत बसते, आणि तिच्यावर भार टाकून उभे असलेले मजले खाली येतात. पाणी चढताना बरेच वाडे उभे होते. पाणी ओसरताना आणि त्यानंतर पडले.

आणि धरण? पानशेतचं धरण आंबी नदीवरचं, मातीचं. काम पुरं व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात पाणी अडवण्याची घाई झाली. पाणी सोडायच्या वाहिनीच्या दरवाजांचं काम अपुरं होतं, आणि त्या वाहिनीच्या काँक्रीटमध्ये सळया नव्हत्या. वाहिनी खचली, तिच्यावरचा बांध खाली बसला. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून रचून बांध धरून ठेवला, त्यामुळे धरण रात्रीऐवजी सकाळी फुटलं, आणि हजारो माणसं झोपेत सापडायची वाचली. खडकवासल्याचं जुनं धरणही त्या पाण्यापुढे टिकलं नाही. दुपारपर्यंत लकडी पूल पाण्याखाली. मेलेल्यांच्या आकड्यावर आजतागायत एकमत नाही.

पुढचा इतिहास पुस्तकांत आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. पुनर्वसनासाठी त्यांनी स. गो. बर्वे यांना पुण्यात धाडलं. बर्वे पूर्वी इथेच महापालिका आयुक्त होते, त्यांना शहराची नस ठाऊक होती. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे पहिले न्यायमूर्ती बावडेकर यांचा काम पुरं होण्याआधीच मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती नाईक यांनी ते पूर्ण केलं. दोष कोणाचा, घाई कोणाची, यावर बरंच लिहिलं गेलंय, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण माझी तक्रार अशी की हा इतिहास दोन-तीन वर्षांत संपतो. वसाहती वसल्या, लोक राहायला गेले, पुढचं पान. राहायला गेलेल्या माणसांनी मग काय केलं?

अण्णांनी काय केलं ते या वह्यांत आहे. त्यांनी तीस वर्षं घर दुरुस्त केलं.

खरोखर तीस वर्षं. मिळालं तेव्हा घर म्हणजे दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे मोरी. १९६३ चं पावसाळ्याआधीचं अर्धं वर्ष नुसत्या जोत्यावर गेलंय: दगड आणले, दर्जा भरल्या, पाणी जायला चर खणला. मग शहाबादी फरशी, एका वेळी चार-चार, पगार होईल तशी. १९६७ मध्ये स्वयंपाकघर वाढवलं. १९७१ साली दाराच्या वरची तुळई "पुन्हा केली, सळ्या दाखवून घेतल्या" अशी नोंद आहे. म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी गवंड्याला सळया दाखवायला लावल्या! हे वाचलं आणि मला लहानपणचे अण्णा दिसले. रविवारी सकाळी हातात ओळंबा घेऊन घरभर फिरायचे. आम्ही पोरं हसायचो. भिंत सरळ आहे, काल होती, परवाही होती, आज वाकडी कशाला होईल? आई मात्र त्यांना कधी हसली नाही. शेजारीपाजारीही हसत नसत, कारण तेही त्याच पाण्यातून आलेले. सगळ्या गल्लीत रविवारी हातोड्यांचे आवाज असत.

परवा आमच्या मिस्त्रींनी स्वयंपाकघराची भिंत खरवडली तेव्हा रंगाचे थर दिसले. वर आमचा पांढरा, मग गुलाबी डिस्टेंपर, मग पोपटी, मग नीळ घातलेला चुना, चुन्याचेच सहा-सात हात. त्या प्रत्येक हाताची तारीख आता माझ्याकडे आहे. बहुतेक दिवाळीच्या आधीच्या.

व्यायामाचं मूळ वेगळं. अण्णांचं बालपण आटपाडीत गेलं, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. स्वतः रोज घालत, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि संस्थानच्या शाळांमधून ते सक्तीचे केले. आज जगभर जिथे तिथे योगाच्या वर्गात जे सूर्यनमस्कार चालतात, त्यांच्या प्रसारात या छोट्या संस्थानाच्या राजाचा फार मोठा हात आहे हे कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. अण्णा म्हणायचे, "राजानं लावलेली सवय आहे, संस्थान गेलं तरी ती जायची नाही." औंध १९४८ साली विलीन झालं. सवय १९९४ पर्यंत वहीत आहे, शेवटच्या पानांवर "नम. ५" असं थरथरत्या अक्षरात.

आणि सिनेमा. हा भाग वाचताना मला सगळ्यात मजा आली. महिन्यातून दोन, कधी तीन. सायकलवर, आईला मागे बसवून, प्रभातला, विजयला, भानुविलासला. प्रभात टॉकीज १९३४ चं. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली त्यानंतर लगेचचं. कंपनी १९५३ साली बंद पडली, थिएटर मात्र त्या नावानं २०१४ अखेरपर्यंत चाललं, मग किबे लक्ष्मी झालं. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) अण्णांनी वह्या सुरू झाल्यानंतर चार वेळा पाहिलाय. राजा परांजपे आवडायचे हे एक, पण खरं कारण गदिमा. गदिमांचं शिक्षणही औंध संस्थानातलं, त्यामुळे त्यांचं नाव पडद्यावर आलं की अण्णा आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं "आमच्याकडचे" म्हणायचे. आई लाजेने अर्धी व्हायची.

जाता जाता एक गंमत. 'सांगत्ये ऐका' १९५९ साली लागला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. हिशेब केलात तर पूर आला तेव्हाही तो मुक्काम संपलेला नव्हता. शहरात वीज नाही, नळाला पाणी नाही, घराघरांत कमरेएवढा गाळ. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा लोक रांगेत उभे राहून तमाशापट बघायला गेलेच असणार. मला यात काही गैर वाटत नाही. अण्णा-आईंच्या १९६३ च्या वहीत ज्या आठवड्यात घरात धड दार नाही (पोत्याचा पडदा असल्याची नोंद आहे), त्या आठवड्यातही सिनेमा आहे.

गणपतीत सोसायटीसमोरच्या रस्त्यावर पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवत ते मलाही आठवतं. जागा नाही मिळाली की आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. सगळं उलटं दिसायचं, नायक डाव्या हाताने जेवायचा. १९७३ नंतर सिंहगडावरच्या केंद्रामुळे मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायला लागलं आणि वहीत "सं. सिनेमा, शेजारी" अशा नोंदी वाढल्या. आमच्याकडे टीव्ही आला तो बराच उशिरा. आधी गच्चीचा जिना झाला. क्रम ठरलेला होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तीस वर्षांच्या या नोंदींत पुराचा उल्लेख नाही. एकदाही नाही. मी १२ जुलैची पानं मुद्दाम काढून पाहिली. कुठे आठवण, श्रद्धांजली, काहीच नाही. ६४: "नम. ३०, पर्व. २." ६५: "पर्व. २." ६६, ६७, ६८... दर बारा जुलैला पर्वती २. इतर सगळे दिवस १, क्वचित शून्य. दोन कधीच नाही. आणि त्या तारखेला घराचं काम नाही, सिनेमाही नाही.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. दोनदा चढणं म्हणजे काही पराक्रम नव्हे, पण एकाच दिवशी, तीस वर्षं? ताईला फोन लावला. ताई पुराच्या वेळी पाच वर्षांची होती. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुला आईनं सांगितलं नव्हतं होय?"

त्या दिवशी सकाळी गलका झाल्यावर अण्णा आईला आणि ताईला घेऊन पायी पर्वतीवर आले. त्यांना वर देवळापाशी बसवलं आणि ते पुन्हा खाली गेले. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत, सगळे त्यांना काका म्हणत. अण्णा त्यांना आणायला गेले होते. काका काही केल्या येईनात. म्हणाले, हा वाडा दीडशे वर्षं उभा आहे, नदीचं पाणी याच्या पायरीपर्यंतच येतं, मी लहानपणापासून बघतोय. तू जा, बायको-पोर वर आहे. अण्णांनी हात धरून ओढून पाहिलं. मग गल्लीत पाणी यायला लागलं. दुसऱ्यांदा ते पर्वती चढले तेव्हा एकटेच होते. ताईला एवढंच आठवतंय की ते वर आले, खाली टेकले आणि आईने विचारलं, "काका?" तर त्यांनी मान हलवली. वाडा त्या रात्री पडला.

मी तीस वर्षं ज्या माणसाला ओळंबा घेऊन फिरताना पाहिलं आणि हसलो, त्याने हे मला कधी सांगितलं नाही. काकांचं नाव आता ताईलाही आठवत नाही. वह्यांतही नाही.

सोसायटीत सध्या पुनर्विकासाचं चाललंय. बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली, पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. शेजारी विचारतात, पाडायचंच आहे तर तुम्ही भिंती कशाला करून घेताय? बायकोचाही तोच प्रश्न, थोड्या वेगळ्या स्वरात. गच्ची गळते, तुळयांचं काँक्रीट फुगलंय, लिफ्ट हवी आहे, मला सगळं पटतं. मी सही करीन बहुधा. पण स्वयंपाकघराची भिंत अर्धी खरवडून झालेली आहे, ती तशी कशी ठेवायची? काल मिस्त्रींना अण्णांचा ओळंबा काढून दिला. त्यांच्याकडे लेझरचं यंत्र आहे, तरी हौसेने लावून पाहिलं. साठ वर्षांत भिंत जेमतेम पाव इंच कलली आहे. "कोणी केलंय हो काम?" म्हणाले.

ताई बारा जुलैला येते म्हणाली. तिचे गुडघे गेलेत, ती पायथ्याशी रिक्षातून उतरून थर्मास घेऊन बसणार आहे. मी दोनदा चढायचं असं ठरलंय. डॉक्टरांना विचारलेलं नाही. सकाळी सहाला निघतोय, पुण्यातलं कोणी येणार असेल तर या.