कापूस, कापूर आणि मोटारीचे चाक

मोटारीच्या स्टिअरिंगला मराठीने 'सुकाणू' हे नाव दिले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. शब्द मूळचा अरबी, दर्यावर्दी माणसांचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनाहून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर. येथे पाणी म्हणजे दक्षिणेकडची पैनगंगा आणि बाकी सारी काळी जमीन, कपाशी, सागाचे रान व पोटात चुनखडी. त्यामुळे येथे सुकाणू कोणी म्हणत नाही, सारे 'स्टेरिंग' म्हणतात. तरी पण ज्याने हा शब्द योजला त्याला मी दोष देणार नाही. कारण पहिल्या मोटारींना हाताशी चाक नव्हतेच मुळी. होडीला असतो तसा दांडा होता.

१८८६ साली कार्ल बेन्झने ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, ती अशाच एका छोट्या दांड्याने वळत असे. आमच्या शंकरपटातल्या छकडीवाल्याला यात काही नवल वाटणार नाही. त्याच्या हाती तर नुसता कासरा. उरलेले काम बैलाची अक्कल करते. बैल खड्डा पाहून स्वतः बाजूला होतो. इंजिनाला ती अक्कल नाही, आणि हीच गोष्ट शर्यतींनी लोकांना शिकवली. १८९५ साली एमिल लव्हासोर हा फ्रेंच गृहस्थ पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत आला, तो जवळजवळ ४९ तास, बहुतेक सारा वेळ दांडा स्वतःच धरून! पुढच्याच वर्षी पॅरिस-मार्सेय शर्यतीत आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवताना त्याची गाडी उलटली. त्या दुखापतीतून तो पुरता सावरला नाही असे म्हणतात. १८९७ साली तो वारला. खड्ड्यात चाक गेले की दांड्याला झटका बसतो आणि हातातून निसटतो. गोल चाकाला मात्र दोन्ही हातांनी धरता येते, थोडे थोडे वळवता येते. १८९४ सालीच आल्फ्रेड व्हाशेरॉनने पॅरिस-रूआं शर्यतीत आपल्या पानार गाडीला असे चाक लावले होते. पण ते रुळायला आणखी चार वर्षे जावी लागली. १८९८ साली पानारच्याच कारखान्यात आर्थर क्रेब्सने ते चाक तिरपे करून चालकाच्या छातीसमोर आणले, आणि आज आपण पाहतो ती बैठक तयार झाली.

आता चाक म्हटले की त्याला कडे आले, आरे आले, तुंबा आला. पोटात पोलादाची कडी आणि तिच्यावर हाताला मऊ लागेल असे काहीतरी मढवलेले, ही रचना लवकरच ठरली. मढवायचे कशाने, यात मात्र मोठी गंमत झाली. आधी लाकूड, मग कठीण रबर. अमेरिकेत हेन्री फोर्डने तर गव्हाचे काड, रबर आणि गंधक एकत्र शिजवून चाके केली. आणि मग आले सेल्युलॉइड.

वाचकहो, या सेल्युलॉइडपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. हा पदार्थ होतो कशाचा? कापसाचा आणि कापराचा! कापसातला मूळ पदार्थ नायट्रिक आम्लात मुरवायचा आणि त्यात कापूर मिसळून मळायचे. १८७० साली जॉन हायट या अमेरिकन माणसाने त्याचे पेटंट घेतले. निमित्त होते बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधण्याचे. मग त्याचे कंगवे झाले, बाहुल्या झाल्या आणि फिल्म झाली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फितीवर उतरला, तीही याच जातीची. आपल्या देवघरातले वातीचे आणि आरतीचे सामान एकत्र करून साहेबाने सिनेमा काढला आणि मोटारीचे चाकही मढवले, असे म्हटले तरी चालेल.

हे सारे मला ठाऊक होण्याचे कारण म्हणजे माझ्या मामांची मोटार. १९३८ सालची एम. जी., टीए जातीची, दोन माणसांची. एका इंग्रज अधिकाऱ्याने १९४७ साली देश सोडताना नागपुरास विकली आणि मामांनी ती घेतली. तारांच्या आऱ्यांची उंच बारीक चाके, पुढची काच आडवी पाडता येणारी, आणि वरच्या पत्र्याच्या आत सगळा सांगाडा लाकडी. शर्यतीची हौस असलेल्या पण खिसा बेताचा असलेल्या लोकांसाठी ऑक्सफर्डजवळ अॅबिंग्डनला या गाड्या होत. मामांना शर्यत कुठली करायची? ते मुकुटबनाहून वणीला सरकीचा भाव विचारायला जात. पण जात असे, की रस्त्यावरची पोरे दोन फर्लांग मागे धावत.

मामा जाऊन फार वर्षे झाली. गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाने ती चालू केली, तेव्हा इंजिन बोलले, ब्रेक बोलले, पण स्टिअरिंगचे कडे पाच ठिकाणी तडकलेले. एका भेगेतून आतली पोलादी कडी दिसत होती. नातू इंजिनिअर, त्याने सरळ नवे चाक मागवायचे ठरवले. इटलीतल्या एन्रिको नार्दीच्या धर्तीचे, महोगनीचे, चकचकीत. त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. बायकोला शेजारी बसवून वणीला जायचे आणि वळणावर चाक हातात आले तर? जुन्या गाड्यांत चाकाचा दांडा सरळ छातीवर रोखलेला असतो. धडकेत तो आत दबला पाहिजे हा नियम अमेरिकेने १९६८ सालापासून केला, तोवर कित्येक माणसे या दांड्यानेच गेली.

तरीही मला ते नवे चाक पाहवत नव्हते. मामांचे हात जेथे असत, त्या दोन जागा कड्यावर गुळगुळीत झाल्या होत्या. मी नातवाला म्हटले, एकदा सुतारकाकांना दाखवू.

आमचे सुतारकाका गाड्यांची चाके करीत, आता दारे-खिडक्या करतात. नातवाने तुंब्याच्या मधला नट सैल केला, पण दोन आटे ठेवून. नाहीतर सुटलेले चाक तोंडावर येते. मग पुलर लावून ते ओढून काढले. मागून हातोडा घालू दिला नाही, हे बरे केले. काकांनी चाक एका बोटावर टांगले आणि दुसऱ्या हाताने कडीवर सागाच्या तुकड्याने टिचकी मारली. घंटेसारखा नाद आला. तुंब्यातले बारीक दाते त्यांनी नखाने तपासले, तारांचे आरे एकेक ओढून पाहिले.

"भाऊ, आतलं हाड शाबूत हाये," ते म्हणाले. "कातडं तडकलं. हाड मोडलं असतं तर म्या हातच लावला नसता."

मग पॉलिश पेपर घेऊन त्यांनी भेगेची कड घासली, आणि पडवीत कापराचा वास सुटला. ऐंशीहून अधिक वर्षांनी! तेव्हा मला भेगांचे कारण उमगले. घरातल्या बायका कापराच्या डबीत काळी मिरी टाकून ठेवतात. उघडा कापूर उडून जातो. या चाकातलाही कापूर वर्षानुवर्षे उडत राहिला. आमचे पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे त्याला मदत करीत होते. कापूर गेला की सेल्युलॉइड आकसते, आतले पोलाद तसूभर हलत नाही. मग कातडे फाटणार नाही तर काय?

काकांना मी एवढेच बजावले की विडी दूर. सेल्युलॉइड पेटले तर आरतीच्या कापरापेक्षा वाईट. घासायचे ते हाताने, पाणी लावून. विजेचे यंत्र नाही. त्यांनी पटाशीच्या कोपऱ्याने प्रत्येक भेग जरा रुंद केली, तोंडाशी उघडी आणि तळाशी निमुळती, म्हणजे भर धरून बसते. दोन नळ्यांतला इपॉक्सी कालवून भरला. एक थर वाळला की दुसरा. एकदम भरले तर पुन्हा आकसते, असे ते म्हणाले. त्यांनी हे कोठे वाचले नव्हते, ओल्या लाकडाने शिकवले होते. कानस, पॉलिश पेपर, मग काळा रंग. या कामाला आठ दिवस लागले. मामांच्या हातांच्या दोन जागांवर त्यांनी रंग लावला नाही. मी सांगितले नव्हते.

नातवाने चाक बसवण्याआधी पुढची चाके सरळ केली, काढताना केलेली खूण जुळवली आणि नट पुरता आवळला. मग गाडी रेल्वे स्टेशनापर्यंत नेऊन आणली, आधी एकटाच. परत आल्यावर तो काही बोलला नाही. महोगनीच्या चाकाचे कागद मात्र त्याने कपाटात ठेवून दिले.

पाचवी भेग, अगदी केसासारखी, काकांनी भरलीच नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, "तिले अजून सुकायचं हाये. येत्या उन्हाळ्यानंतर पाहू."