तळटीप : होमोसिस्टीन
पुण्याच्या शनिवार पेठेतील आपल्या वडिलांच्या रक्ततपासणीत लेखकाने नोंदवलेले ‘होमोसिस्टीन’ हे मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीरातच तयार होते. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलेट कमी पडले की ते रक्तात साचते. धमनीच्या अस्तराला होणाऱ्या इजेशी त्याचा संबंध जोडला जातो. ब-१२ वनस्पतींत जवळजवळ नसते आणि उतारवयात जठरातील आम्ल घटल्याने अन्नातून ते नीट शोषलेही जात नाही. पेठांतल्या शाकाहारी घरांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली : ६७ टक्के जणांत ब-१२ कमी, ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन जास्त. होमोसिस्टीन असे रक्तात मोजता येते; धमनीच्या अस्तराच्या दुरुस्तीची खूण मात्र सहज हाती लागत नाही. या दुरुस्तीशी जोडल्या जाणाऱ्या, रक्तात फिरणाऱ्या पूर्वपेशींचा शोध १९९७ मध्ये असाहारा व सहकाऱ्यांनी मांडला, पण त्यांची मोजणी अजून संशोधनापुरतीच आहे. ब-१२ आणि फोलेटच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरते. हृदयविकाराचे झटके मात्र मोठ्या चाचण्यांत कमी झाले नाहीत. तरीही ज्येष्ठांनी ब-१२ जरूर तपासून घ्यावे, कारण त्याच्या कमतरतेने मज्जातंतूंना होणारी इजा वेळीच उपचार न झाल्यास कायमची राहू शकते.